न रडणाऱ्या मुलाकडेही बघा

बालवाडीत सकाळी जे मूल दारातच भोकाड पसरतं त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कोणी कडेवर घेतं, कोणी खिडकीतून पक्षी दाखवतं, आणि जे गुपचूप चप्पल काढून कोपऱ्यात गाडी फिरवत बसतं त्याला आपण "किती शहाणं बाळ" म्हणून मोकळे होतो. मी लहान मुलांच्या वर्गावर असते आणि मला जास्त काळजी वाटते ती या दुसऱ्या मुलाची.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये साधारण वर्षाच्या बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे, आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते, तेव्हा बाळ काय करतं ते बघायचं. काही बाळं आई गेली तरी रडत नाहीत, ती आली तरी तिच्याकडे बघत नाहीत. पण पुढे संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले तर ते वाढलेले निघाले! म्हणजे आतून घाबरलेलंच होतं की ते, फक्त दाखवत नव्हतं.

माझ्या वर्गात असं एक मूल होतं, दार वाजलं की गाडी थांबायची, नजर दाराकडे, मग परत गाडी सुरू. मी रोज नुसती शेजारी बसायचे, प्रश्न नाही, कौतुक नाही, माझी एक गाडी घेऊन. बऱ्याच आठवड्यांनी ते पडलं आणि रडत थेट माझ्याकडे आलं, आणि मला इतका आनंद झाला ना, कारण रडायला हक्काचं माणूस सापडलं होतं त्याला.

पण हे व्हायला माणूस तेच लागतं. दर थोड्या दिवसांनी ताई बदलल्या की मूल कोणावर विसंबणार? इंग्लंडमध्ये तर नियमच आहे की पाळणाघरातल्या प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली व्यक्ती हवी, तिला की पर्सन म्हणतात. बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये बाळांसाठी अनाथालय सुरू केलं, तिथे लंगोट बदलतानाही घाई करायची नाही, बाळाशी बोलत, त्याला सांगत बदलायचा, कारण जवळीक वाढते ती अशाच रोजच्या कामांत.

काही आयांना वाटतं मूल ताईंना लागलं तर आपल्यापासून तुटेल. अजिबात नाही हो. १९६४ मध्ये ग्लासगोच्या ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागलेला होता. ताईंचा लळा आईच्या वाट्यातून जात नाही.

निघताना मात्र मूल खेळात रमलंय बघून गुपचूप सटकू नका प्लीज, "मी जाते, जेवण झालं की येते" असं सांगून जा, रडलं तरी चालेल, आम्ही आहोत. आणि ॲडमिशन घेताना खेळणी, रंगीत भिंती बघून झाल्या की एवढं नक्की विचारा, माझ्या मुलाला रोज दारात घ्यायला कोण येणार, आणि पुढच्या महिन्यातही तीच येणार का.