'ग्रंथ' म्हणजे पाच प्रश्नचिन्हं

२०१४ च्या पावसाळ्यातला सोमवार. वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी, म्हणून मी मुद्दाम तोच दिवस धरला होता. तालुक्याच्या गावातलं आमचं वाचनालय, मी तिथे सहायक ग्रंथपाल. दाखल नोंदवहीचा पहिला खंड इतका जीर्ण झालेला की पान उलटलं की कडेचा तुकडा हातात यायचा. त्या नोंदी संगणकावर घ्याव्यात, वाचकाने नाव सांगताच पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते दिसावं, एवढाच माझा ध्यास होता. त्यासाठी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन थोडं पीएचपी, म्हणजे वेब पानं चालवायची संगणकभाषा, शिकले होते. पण वर्गात सगळं आधीच मांडून ठेवलेलं असायचं. कोऱ्या संगणकावर ते स्वतः उभं करायची ही पहिलीच वेळ.

झॅम्प नावाचं पॅकेज पेन ड्राइव्हवर आणलं होतं. त्यात अपाची हा ब्राउझरला पानं पुरवणारा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल हा नोंदी साठवणारा डेटाबेस आणि पीएचपी, सगळं तेव्हा एकत्र मिळायचं. आपला संगणकच सर्व्हर होतो आणि ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहिलं की तो स्वतःलाच हाक मारतो. इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे पावसात लाइन आठ-आठ दिवस बंद असायची, त्यामुळे मला याचं फार अप्रूप होतं.

मायएसक्यूएल सुरू झालं. अपाची होईना. 'स्टार्ट' दाबलं की क्षणभर हिरवं, की बंद, आणि खालच्या चौकटीत लाल अक्षरं. मी झॅम्प काढून पुन्हा टाकलं. दोनदा. त्यात दीड-दोन तास गेले. मग आमचे लेखनिक काका चहा घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, ते लाल अक्षरात काय लिहिलंय ते वाचून तरी दाखवा."

मोठ्याने वाचायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. पोर्ट ८०, म्हणजे सर्व्हरचं ये-जा करायचं ८० नंबरचं दार, अमुक प्रोग्रामने घेतलेला आहे, तो मोकळा झाल्याशिवाय अपाची सुरू होणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. प्रोग्रामचं नावसुद्धा होतं. आमचे अध्यक्ष दर सोमवारी संध्याकाळी परदेशातल्या लेकीशी ज्यावर बोलायचे, तोच व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम. संगणक चालू झाला की तोही आपोआप चालू व्हायचा आणि ८० नंबरच्या दारात जाऊन बसायचा. एका दारात दोघांना बसता येत नाही.

तो काढून टाकायचा विचारही मनात आला नाही. अध्यक्षांच्या घरी संगणक नव्हता. मी अपाचीलाच दुसरं दार दिलं. एचटीटीपीडी कॉन्फ या त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'लिसन ८०' च्या जागी 'लिसन ८०८०' केलं, दुसऱ्या फाइलमध्ये सुरक्षित जोडणीच्या दाराचं ४४३ चं ४४३३ केलं. पुन्हा 'स्टार्ट'. हिरवा रंग टिकला. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढे ८०८० लिहिलं आणि पान उघडलं! त्या क्षणाचा आनंद अजून अंगावर आहे.

दुपारी नोंदीचं पान जोडलं. इंग्रजीत 'टेस्ट' लिहून पाहिलं, नोंद गेली. मग काका बसले. मराठी टंकलेखन यंत्रावर आयुष्य गेलेला माणूस, बोटं वाऱ्यासारखी चालायची. दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, विषय. दर वेळी 'नोंद जतन झाली' असं यायचं. पाच वाजेपर्यंत त्यांनी ११२ नोंदी केल्या. तोवर मी यादीचं पान लिहून संपवलं आणि उघडलं.

सगळीकडे प्रश्नचिन्हं.

काका काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. मला रडू यायचं बाकी होतं. बघता बघता विषयाच्या रकान्याकडे लक्ष गेलं. तिथली प्रश्नचिन्हं सारखी नव्हती, कुठे चार, कुठे पाच, कुठे सात. वहीशी ताडून पाहिलं. 'नाटक' चार, 'कविता' पाच, 'कादंबरी' सात. काना, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाचं वेगळं प्रश्नचिन्ह. 'ग्रंथ' ही दोन अक्षरं दिसतात, पण तिथे पाच होती. ग, हलन्त, र, अनुस्वार, थ. लिहिताना मी हे कधी असं सुटं करून पाहिलं नव्हतं.

म्हणजे मजकूर आत जाताना शाबूत होता, ठेवायला जागा नव्हती. डेटाबेसमध्ये नोंदींचा तक्ता तयार करताना कोलेशनच्या, म्हणजे अक्षरसंच आणि त्याचा क्रम ठरवणाऱ्या, रकान्यात जे आपोआप आलं तेच मी राहू दिलं होतं, 'लॅटिन१ स्वीडिश'. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला, म्हणून ते नाव. त्या अक्षरसंचात एका चिन्हाला साठवणीची एकच जागा, म्हणजे एकच बाइट, जास्तीत जास्त २५६ चिन्हं, त्यांत देवनागरी नाही. जगातल्या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. जे मावलं नाही, त्याच्या जागी मायएसक्यूएलने प्रश्नचिन्ह ठेवलं.

डेटाबेसचं कोलेशन बदललं, तरी तक्ता जुनाच राहिला. तक्ता वेगळा बदलावा लागला, 'यूटीएफ८एमबी४', म्हणजे मायएसक्यूएलमधला यूटीएफ-८ चा संच. पण गेलेली अक्षरं परतली नाहीत. मोडकी, विचित्र अक्षरं दिसली असती तर बहुधा ती सुधारता आली असती. प्रश्नचिन्ह म्हणजे मूळ अक्षर पुसलं गेलेलं. विषय मोजून ओळखता आले, ग्रंथनामं कशी ओळखणार?

मी काकांची माफी मागितली. त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानावर उघडली. "वाचा ताई, मी मारतो. आणि दर नोंदीनंतर ते यादीचं पान दाखवा."

सहा वाजता अध्यक्ष आले. त्यांना खुर्ची देऊन आम्ही वही घेऊन बाकावर बसलो. त्यांचा कॉल लागला, लेकीचा आवाज आला, आणि त्याच पडद्यावर मागच्या खिडकीत आमची यादी उघडी होती. दाखल क्रमांक १ ते ९. सगळी मराठीत.