गाडी आपली, फेऱ्या दुकानाच्या: ब्रिटनमधला मैलांचा हिशेब

शिकायला किंवा जोडीदाराबरोबर ब्रिटनला येणाऱ्यांना घरभाडं, बसपास, बँकेचं खातं याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. स्वतःच्या गाडीतून पिझ्झा किंवा करी पोचवण्याचं संध्याकाळचं काम मिळालं, तर त्या गाडीच्या खर्चाचं काय, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मी शेफील्डमध्ये दिवसा एका गोदामात काम करतो आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी एका टेकअवेची डिलिव्हरी करतो. शेफील्ड म्हणजे नुसते चढउतार. क्रूक्स आणि वॉकलीच्या चढांवर रोज थांबत-निघत गाडी चालवली की क्लच आणि ब्रेक पॅड लवकर जातात, पेट्रोलही जास्त लागतं, आणि हे सगळं आपल्याच खिशातून जातं. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

इथल्या आयकर खात्याला, म्हणजे एचएमआरसीला, हा खर्च मान्य आहे. नोकरीच्या कामासाठी स्वतःची कार वापरली, तर करवर्षातल्या पहिल्या 10,000 मैलांना मैलामागे 45 पेन्स आणि त्यापुढे 25 पेन्स असा दर धरतात. मोटरसायकलला 24, सायकलला 20. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, गाडीची घटत जाणारी किंमत, सगळं या दरातच आलं. पेट्रोलच्या पावत्या वेगळ्या लावता येत नाहीत. कारचा दर 2011-12 मध्ये 40 चा 45 झाला आणि 2024-25 लाही तो तेवढाच होता. मधल्या वर्षांत विमा आणि दुरुस्ती कुठच्या कुठे गेली, त्यामुळे हा दर मला अपुरा वाटतो. तरी जो आहे तो पदरात पाडून घ्यायला हवा.

दुकान मैलामागे 45 पेन्स देत असेल, तर आणखी काही मिळत नाही. कमी देत असेल, तर फरकावर करसवलत मिळते. समजा, वर्षात 4,000 मैल झाले आणि दुकानाने मैलाला 20 पेन्स दिले. मान्य रक्कम 1,800 पौंड, हातात आले 800, फरक 1,000. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. हे 1,000 पौंड परत मिळत नाहीत. तेवढं उत्पन्न करातून वगळलं जातं, म्हणजे 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला 200 पौंड मिळतात. आपल्या पैशांत वीस हजारांच्या वर. गाडीचे दोन चांगले टायर आणि एक सर्व्हिसिंग त्यात निघून जातं.

पण कर भरलाच नसेल, तर परत काय मिळणार? वर्षाला 12,570 पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर इथे कर नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. 2025-26 मधल्या 12.21 पौंड किमान वेतनाने वर्षभर 20 तास केले, तरी 12,698 पौंड होतात. कर लागतो जेमतेम सव्वाशे पौंडांवर, म्हणजे पंचवीसेक पौंड. सवलत त्याहून जास्त मिळू शकत नाही. सप्टेंबरात आलेल्या मुलाचं पहिलं करवर्ष तर 5 एप्रिलला संपतं. त्याला बहुधा कर लागलेलाच नसतो. माझ्यासारख्या दोन नोकऱ्या करणाऱ्याचं वेगळं. दुसऱ्या नोकरीला बहुतेक वेळा ‘बीआर’ हा टॅक्स कोड लागतो आणि पहिल्या पौंडापासून 20 टक्के कापले जातात.

मैल कुठले धरायचे? दुकानातून गिऱ्हाइकाच्या दारी, तिथून पुढच्या दारी आणि परत दुकानात. घरापासून दुकानापर्यंतचं येणंजाणं धरत नाहीत, कितीही लांब असलं तरी.

नोंद मात्र पक्की लागते. ऑक्टोबर 2024 पासून ही सवलत मागण्याच्या पी87 नावाच्या अर्जाबरोबर पुरावा द्यावा लागतो: प्रत्येक फेरीचं कारण, निघाल्याचा आणि पोचल्याचा पोस्टकोड. एका शिफ्टमध्ये अनेक फेऱ्या होतात, आणि महिन्याभराने आठवून लिहिणं शक्यच नाही. दुकानाच्या ऑर्डरच्या यादीत पोस्टकोड असतातच. शिफ्ट संपल्यावर घरी निघण्याआधी गाडीत बसूनच वहीत उतरवून घ्यावेत. दुकानाने मैलांचे किती दिले ते पेस्लिपवर दिसतं, म्हणून पेस्लिपही जपून ठेवाव्यात. फरक वर्षाला 2,500 पौंडांच्या वर गेला, तर मात्र पी87 चालत नाही, पूर्ण विवरणपत्र भरावं लागतं.

‘तुमचा टॅक्स परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती सतत दिसतील. त्या परताव्यातला वाटा कापून घेतात. अर्ज करायला सरकार एक पेनीही घेत नाही आणि इंग्रजी वाचता येणाऱ्याला तो जमतो.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते पुढचं. करसवलत हा दुसरा दरवाजा, पहिला मालकाचा. तास किमान वेतनाने मिळतात, पण पेट्रोलचं काहीच मिळत नाही, अशी दुकानं आहेत. कामासाठी करावा लागलेला आणि भरून न मिळालेला खर्च किमान वेतनाच्या हिशेबात पगारातून वजा होतो. म्हणजे ‘पेट्रोल पगारातच आलं’ असं सांगून बरोबर किमान वेतन देणारा मालक प्रत्यक्षात कायद्यापेक्षा कमी पगार देत असतो. नवीन आलेली मुलं व्हिसाच्या भीतीने बोलत नाहीत. पण कायद्याने परवानगी असलेलं काम केल्यावर पुरता पगार मागण्यात घाबरण्यासारखं काही नाही. कामाच्या हक्कांबद्दल सांगणाऱ्या एकास (Acas) या संस्थेच्या हेल्पलाइनवर सल्ला फुकट मिळतो. तिथे आधी विचारून घ्या.

आणि अ‍ॅपवरची डिलिव्हरी? तिथे ड्रायव्हर स्वयंरोजगारी धरला जातो. तोही 45 पेन्सांचा दर आपल्या हिशेबात लावू शकतो, किंवा त्याऐवजी 1,000 पौंडांची सरसकट सूट घेऊ शकतो, दोन्ही नाही. विद्यार्थी व्हिसावर मात्र स्वयंरोजगाराला बंदी आहे. कुणी स्वतःचं खातं वापरायला देतो म्हणाला, तरी त्या वाटेला जाऊ नका. आई-वडिलांनी कर्ज काढून पाठवलेलं शिक्षण त्यात धोक्यात येतं. शिवाय कुठल्याही डिलिव्हरीला साधा गाडीविमा पुरत नाही, ‘हायर अँड रिवॉर्ड’ प्रकारचा घ्यावा लागतो.

जुन्या वर्षांचे मैल नोंदलेले असतील, तर ते वाया गेलेले नाहीत. करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत दावा करता येतो: 2022-23 चा 5 एप्रिल 2027 पर्यंत, 2023-24 चा 5 एप्रिल 2028 पर्यंत.