नववा प्रश्न

धुळ्यात माझं क्लिनिक एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली लोक औषध मागतात, वर येऊन सुई मागतात. "नुसतं बोलायचे पैसे?" हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकते.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या आधी मुलगाच बोलला. झोप नाही, छातीत धडधड, अंगाची आग. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, बी-१२ ची इंजेक्शनं झाली. नवरा जाऊन आठ महिने झालेत, हे एवढ्या जाड फाइलीत एकाही डॉक्टरने लिहिलं नव्हतं. मुलाला बाहेर बसवण्यातच माझी वीस मिनिटं गेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. लिहायची परवानगी बाईंनी दिली आहे.)

बाईंचा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेलेला. नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ची प्रश्नावली हातात दिली, तर आधी तिचं शुद्धलेखन तपासलं. माझ्याकडची प्रत लाल शाईच्याच लायकीची आहे. असं मराठी कुठलंच माणूस बोलत नाही. गुण आले १७. पंधरा ते एकोणीस म्हणजे नैराश्य बरंच खोल गेलेलं. पण मला खटकला तो नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा. आधीच्या आठ प्रश्नांवर त्या पेन टेकवून थांबल्या होत्या. नवव्यावर 'मुळीच नाही' चटकन. तोंडी विचारलं तर म्हणाल्या, "छे हो."

पुढच्या भेटीही 'ठीक आहे, मॅडम'वरच संपत राहिल्या.

सहावी भेट आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यातली. वीज गेलेली, कूलर बंद, खिडकीतून झळा. पुण्याच्या एका कार्यशाळेत शिकवलं होतं की समोरच्याच्या बोलीत बोला, जवळीक होते. शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी कुठल्या बोलीत दोन वाक्यं बोलल्याचं दिसलं नाही, पण मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. माझी आई अहिराणी बोलायची. मी पुण्यात शिकताना ती बोली विसरले, आणि आता क्लिनिकमध्ये तिचा मला अभिमान वाटतो. तर मी पुढे वाकून म्हणाले, "बाई, काय व्हयनं? माले सांगा ना."

बाईंनी पर्सची चेन लावली. "माझ्याशी असं का बोललात? मी काय बाजारात आले आहे?"

दहा मिनिटं शिल्लक असताना त्या उठून गेल्या.

बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९मध्ये मांडलं होतं की उपचारातलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: कुठे जायचं आणि त्यासाठी काय करायचं यावरचं एकमत, आणि तिसरा एकमेकांतला बंध. पहिल्या दोन मी फॉर्मवर सही घेऊन उरकल्या होत्या. तिसरी आईकडून उसनी आणायला गेले. त्या रात्री मला तो नववा प्रश्न झोपू देईना. सकाळी फोन केला. "बरी आहे. येईन," एवढंच.

पुढच्या मंगळवारी एसटीने एकट्या आल्या. हेतू चांगला होता, असं काहीतरी सांगायचं ओठांवर आलेलं गिळलं. म्हटलं, "माझं चुकलं. मला तुमच्या जवळ यायची घाई झाली."

बराच वेळ त्या खिडकीकडे बघत होत्या. मग बोलल्या. पहिल्या नेमणुकीच्या शाळेत त्यांच्या तोंडून 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' निघालं आणि हेडमास्तर सगळ्यांसमोर हसले. त्यानंतर त्यांनी बोली पुसली. 'माले' म्हणणाऱ्या पोरांच्या हातावर पट्टीही मारली. घरात नवरा मात्र त्यांच्याशी अहिराणीतच बोलायचा, आणि त्या उत्तर द्यायच्या पुस्तकी मराठीत. दवाखान्यात शेवटी शेवटी तो म्हणाला, "पानी दे वं." बाई म्हणाल्या, "देते हं." तो हसला. "तू बाईच राहिनी."

"माझ्याशी तसं बोलणारा तो एकच माणूस होता," बाई म्हणाल्या. "त्याच्यानंतर तुम्ही."

मी त्या जागेत चपला घालून शिरले होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. नववा प्रश्न मी पुन्हा विचारला. या वेळी त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा खोटं लिहिलं होतं."

पुढचा तास अगदी रुक्ष कामाचा. गोळ्या कुठे ठेवल्यात, रात्री घरात कोण असतं, मुलाला किती सांगायचं, मानसोपचारतज्ज्ञांकडे कधी जायचं, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. मुलाला मी त्यांच्यासमोरच फोन लावला. या सगळ्याचा कागद बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिला, एकही खाडाखोड नाही.

मी तेव्हा चुकले नसते तर हे कधी बाहेर आलं असतं? सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी सहकाऱ्यापुढे केस मांडताना, हे विचारलं, तर 'दुरावा छान सांधलात' अशी शाबासकी मिळाली. छान काय त्यात! त्या परत आल्या नसत्या तर?

दारापाशी बाई वळल्या. "पुढच्या मंगळवारी येते. आणि तुम्ही मराठीतच बोला. तुमची अहिराणी फार अशुद्ध आहे."