रक्तदानानंतर

आज रक्तदान केले आणि गेलेल्या त्या ३५० मिलिलिटर रक्ताची भरपाई शरीर कशी करते, याच विचारात दिवस गेला. रक्तातला द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. तांबड्या पेशींना मात्र काही आठवडे लागतात. प्राणवायूचा पुरवठा घटल्याचे हेरतात ती मूत्रपिंडे (हृदय नव्हे, याचे मला अजूनही नवल वाटते), आणि त्यांनी स्रवलेले एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अस्थिमज्जेला उत्पादन वाढवण्याचा संदेश देते. प्रौढांमध्ये हे काम मुख्यतः कमरेची हाडे, मणके, बरगड्या आणि छातीचे मधले हाड यांच्या मज्जेत चालते, जेथे एरवीही दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. आणि यातली प्रत्येक पेशी पक्व होताना आपले केंद्रक, म्हणजे जनुके असलेला गाभा, टाकून देते, कदाचित म्हणूनच तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचेच असते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट याही तांबड्या पेशी जिथून बनतात त्याच, मज्जेतल्या मूळपेशींपासून जन्मतात. या सगळ्यासाठी लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व लागते. त्यांपैकी लोहाचा साठा सर्वांत सावकाश भरतो, त्यामुळे पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर राखावे, हा आपल्याकडचा नियम मला अगदी रास्त वाटतो.