रद्दीत निघालेले केसपेपर

माझ्या दातांच्या दवाखान्यातले दहा-बारा वर्षांपूर्वीचे केसपेपर मी गेल्या महिन्यात रद्दीत द्यायला काढले होते. त्यातल्या एका कार्डावर निळ्या शाईत एवढेच होते : '३६ रूट कॅनल, धातूची कॅप, १८ काढली, २१ चा कोपरा तुटलेला.' (हे आकडे म्हणजे दातांचे क्रमांक.) नाव वाचून चेहरा काही आठवला नाही, पण सोबतचा एक्स-रे उजेडात धरताच दाढेची ती वाकडी मुळे लगेच ओळखू आली. गठ्ठे मी परत कपाटात ठेवले.

१ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली आणि २५ प्रवासी गेले. मृतदेह इतके जळाले होते की कोण कोणाचे हे सांगता येईना, आणि अखेर बहुतेकांवर बुलढाण्यातच सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले.

अशा दुर्घटनांत ओळख पटवण्यासाठी इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेच्या पद्धतीत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए हे तीनच मुख्य आधार मानले जातात. दागिने, कपडे, गोंदण हे दुय्यम, कारण हादरलेला नातेवाईक अंगठी पाहून चुकीच्या देहालाही आपले म्हणू शकतो. आगीत ठसे जातात. दाताचे इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण भाग असल्याने दात बरेचदा टिकतात, आणि आतल्या गरातून डीएनएही मिळू शकतो. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान दुर्घटनेनंतर आई-वडील, मुले, भावंडे यांच्या रक्ताचे नमुने घेऊन डीएनए जुळवावे लागले. दात जुळवणे याहून पुष्कळ झटपट होते. फक्त जिवंतपणीची नोंद हवी, आणि आपल्याकडे घोडे नेमके तिथेच अडते. रुग्ण दाढ दुखल्याशिवाय येत नाही, आणि आम्ही डॉक्टर जागा अडते म्हणून कागद फेकतो. (खर्र्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या तंबाखू-सुपारीच्या, दातांवरच्या डागांवरून ओळख पटवावी म्हटले, तर अर्धे नागपूर एकाच माणसाचे निघेल.)

आता उरलेली कार्डे रोज संध्याकाळी थोडी थोडी स्कॅन करते आहे. कवळी बनवायला देतानाही आतल्या बाजूला नाव घालायला सांगते. परवा एका आजींनी ते नाव निरखून विचारले, की दवाखान्यात अदलाबदल होऊ नये म्हणून का? मी हो म्हटले.