एक वाजताची भूक

डब्याचं झाकण उघडलं की शेजारची मान वळते आणि ठरलेला प्रश्न येतो. "रोज वेगळं कसं काय आणतोस रे? सकाळी उठतोस तरी किती वाजता?" नोकऱ्या बदलल्या, शेजारी बदलले, प्रश्न काही बदलला नाही. मी आपला "जमतं कसंतरी" म्हणून वेळ मारून नेतो, कारण खरं उत्तर जेवणाच्या सुट्टीत मावत नाही. पण गेल्या महिन्याभरात चार जणांनी विचारलं, त्यातल्या एकीने तर लिहून घ्यायला फोन काढला. तुम्ही विचारलंतच म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

उठतो सातला. आणि रोज वेगळं करत नाही.

सुरुवातीला मीही उत्साहाच्या भरात होतो. रविवारी दुपारी भात, एखादं कडधान्य आणि भाजी एकदम शिजवायची, पाच सारखे डबे भरायचे आणि फ्रीजमध्ये ओळीने लावायचे. दार उघडून ती ओळ पाहण्यातच निम्मं पोट भरायचं. सोमवारी मजा आली. मंगळवारी चाललं. बुधवारी झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं आणि बाहेर जाऊन काहीतरी तळलेलं खाल्लं. शुक्रवारचा डबा शनिवारी केराच्या टोपलीत. दोन-तीन महिने हेच चाललं आणि दर वेळी मी स्वतःच्या जिभेला नावं ठेवली.

मग कधीतरी खाण्याच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८१ सालच्या प्रयोगाबद्दल वाचलं. जो पदार्थ आपण पोटभर खातो त्याची गोडी चटकन उतरते, न खाल्लेल्या पदार्थांची मात्र तितकी उतरत नाही. जेवण नको झालेलं असताना गोडाला जागा निघते ती म्हणूनच. प्रयोग एकाच जेवणातला होता, आठवडाभराचा नव्हता; पण माझ्या बुधवारचं कोडं मला तिथे सुटलं. पाच दिवसांचं सोडाच, माझ्या एका डब्यातही पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एकच चव होती. मऊ, खारट, मऊ, खारट.

दुसरी गोष्ट उमगायला आणखी वेळ लागला. डबा भरणारा मी आणि खाणारा मी ही दोन वेगळी माणसं आहेत. भरणारा आठ वाजता गॅससमोर उभा असतो, सगळं गरम, वासाने घर भरलेलं. खाणारा एक वाजता थकलेला असतो आणि त्याच्या पुढ्यात जे येतं ते पाच तास बंद राहिलेलं असतं. या पाच तासांत बरंच घडतं. गरम अन्नावर झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन परत अन्नावरच पडतं आणि कुरकुरीत ते मऊ पडतं. चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि खाली तळं साचतं. भात थंड झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा टणक लागतो. शिवाय थंड अन्नाचा वास कमी येतो, चवही बोथट होते. सकाळी चमच्याने चाखून "वा!" म्हटलेलं दुपारी मिळमिळीत लागतं ते यामुळे.

म्हणून मी आता चमचाभर बशीत काढतो, पार गार होऊ देतो आणि मग चाखतो. कमी वाटलं तर हात मिठाकडे जाऊ देत नाही. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सगळं मिळून एक चमचाही नाही. त्याऐवजी लिंबू पिळतो. थंड पदार्थाला आंबटाने जी जाग येते ती मिठाने येत नाही. डाळी-कडधान्यांमधलं लोह शरीरात शिरायलाही लिंबातल्या सी जीवनसत्त्वाची मदत होते. (जेवणावर लगेच चहा घेतला की उलटं होतं. मी घेतो. सगळंच कसं सुधारणार!)

आता मुख्य कारभार. मी आठवड्यातून दोनदा शिजवतो, रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी. प्रत्येक वेळी एक धान्य, एक कडधान्य किंवा अंडी, आणि एक मोठा ट्रे भरून भाजलेल्या भाज्या. यातल्या कशालाही ठाम चव देत नाही, जेमतेम मीठ. चव सकाळी येते, ती फ्रीजच्या दारातल्या तीन छोट्या बरण्यांतून. एकीत लिंबू, तेल आणि ठेचलेली मिरी. दुसरीत दाण्याचं किंवा तिळाचं दाटसर वाटण. तिसरीत जी हिरवी पानं हाती लागतील त्यांचं वाटण. शिजवलेले छोले सोमवारी कच्चा कांदा आणि पहिल्या बरणीबरोबर जातात, मंगळवारी तिळाच्या वाटणात चेचून लगदा होऊन जातात, बुधवारी टोमॅटोच्या रश्श्यात पोहतात. शेजारचा म्हणतो, रोज वेगळं. छोले तेच असतात, बिचारे.

यात मी एकच नियम कडक पाळतो: डब्यात काहीतरी कुरकुरणारं हवं आणि ते वेगळ्या डबीत हवं. भाजलेले दाणे, बिया, गाजराचे तुकडे, काहीही. खायच्या क्षणी वरून टाकायचं. हिरव्या पानांवरचं आंबट पाणीही तसंच वेगळं. ही डबी अंगठ्याएवढी का असेना, अख्ख्या डब्याचं नशीब तिच्यावर असतं.

पौष्टिकपणाबद्दल विचारणारे मला कॅलरी विचारतात. मी मोजत नाही. हार्वर्डच्या पोषणशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ताटाचं एक सोपं चित्र काढलं, ते डोळ्यांसमोर ठेवतो: निम्मं ताट भाज्या आणि फळं, पाव भाग पूर्ण धान्य, पाव भाग प्रथिनं. डब्याकडे वरून पाहिलं की कळतं. एकदा अतिउत्साहात नुसतीच पानं आणि काकडी नेऊ लागलो होतो. स्वतःबद्दल फार उच्च मत झालं होतं. साडेतीनला हात थरथरायचे आणि चारला मी कुणाच्या तरी खणातली बिस्किटं संपवत असायचो. तेव्हापासून प्रथिनांच्या पाव भागाशी मी खेळत नाही.

आता भाताचं. इथे जरा थांबतो, कारण बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं आणि मलाही नव्हतं. एकदा रात्री भाताचं पातेलं ओट्यावर राहून गेलं. वास ठीक होता. सकाळी म्हटलं, दुपारी वाफ येईपर्यंत गरम करू, झालं. तसा केला, खाल्ला. तीन वाजायच्या आत उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळची बैठक माझ्याविना पार पडली. त्या भातानेच घात केला हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही, पण माझा संशय त्याच्यावरच आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातून तगतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे भरपूर तापवलं की झालं, ही माझी समजूत नेमकी इथेच फसली.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गार ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर. मी भात मोठ्या पसरट ताटात पसरतो, म्हणजे लवकर निवतो, आणि लगेच आत टाकतो. फ्रीजमधलं शिजवलेलं अन्न तीन-चार दिवसांपलीकडे नेत नाही. रविवारनंतर बुधवार येतो तो याच हिशेबाने. ऑफिसात फ्रीज नसेल तर पिशवीत बर्फाची थैली ठेवा. गरम न्यायचं असेल तर थर्मासच्या डब्यात आधी दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओतून टाका आणि मग कढत अन्न भरा. थंड डब्यात गरम रस्सा ओतला तर निम्मी ऊब तो डबाच गिळतो. मायक्रोवेव्हमध्ये अन्न कडेला तापतं आणि मधे गार राहतं, म्हणून मधोमध खळगा करायचा आणि एकदा बाहेर काढून ढवळायचं.

डबा कुठला घ्यावा हेही विचारतात. कुठलाही. फक्त विकत आणल्यावर पाणी भरून सिंकवर उलटा धरा आणि हलवा. मी ही परीक्षा न घेता आणलेल्या डब्याने एकदा पिशवीतल्या सगळ्या कागदांना हळदीचा रंग दिला आहे. आणखी एक: उकडलेली अंडी सोलून बंद डब्यात नेऊ नका. नेलीतच तर एकटे बसा.

आणि शुक्रवार. शुक्रवारी बुधवारच्या स्वयंपाकाचं जे उरलं असेल ते एकत्र करायचं. तीन चमचे डाळ, मूठभर भात, ट्रेच्या कोपऱ्यात चिकटलेले भाज्यांचे करपलेले तुकडे, तिन्ही बरण्यांचे तळ खरवडून निघालेलं वाटण, वर दाणे. याला नाव नाही, दोनदा सारखं झालेलं नाही. फोन काढून बसलेल्या त्या सहकारिणीने परवा यातलाच एक चमचा चाखला, डोळे मिटले आणि म्हणाली, "याची कृती आधी सांग. किती वेळ लागतो?"

"बुधवारपासून करतोय," मी म्हटलं.