राखून ठेवलेला शब्द

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला वर्ग आठवले नाहीत. आठवला तो शाळेलगतच्या चर्चच्या माडीवर जाणारा लाकडी जिना आणि वर पेटी उघडून बसलेले आमचे संगीताचे सर. मी १९८७ साली दहावी झालो. त्याआधीची पाच वर्षं शाळेच्या गायनवृंदात होतो. वसईच्या ख्रिस्ती घराघरांत संध्याकाळी प्रार्थना होते, तशी आमच्याही घरी व्हायची. पण प्रार्थनेत ऐकायचंही असतं, हे मला त्या माडीवर कळलं.

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की सर तबल्यावर खोळ चढवत. पुढे ईस्टरपर्यंतचा सगळा उपवासकाळ फक्त पेटी, तीही सूर धरण्यापुरती. ‘आलेलुया’, म्हणजे देवाची स्तुती करा, हा आनंदाचा शब्द तर या दिवसांत उपासनेत उच्चारतच नाहीत. पण ईस्टरच्या, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाच्या, रात्रीचा आलेलुया बसवायचा तो याच दिवसांत! सरांनी त्यावर उपाय काढला होता. भूपातली ती चाल आम्ही नुसत्या सरगमने घोकायचो. सा रे ग प ध. शब्द ओठांवर आणायचा नाही. एकदा माझ्या तोंडून तो निसटला. सर रागावले नाहीत. त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि तालमीची वेळ संपेपर्यंत आम्ही सगळे गप्प बसून राहिलो. खाली एक आजी एकटीच क्रूसाच्या वाटेची, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या प्रवासाची, चौदा स्थानं करत प्रार्थना म्हणत होत्या. त्यांचं पुटपुटणं वर स्पष्ट ऐकू येत होतं.

माझे वडील त्याच माडीवर लॅटिनमध्ये गायले होते. अर्थ कळत नसतानाही गळा दाटून यायचा, असं ते सांगत. १९६३ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि आमच्या पिढीला मराठी मिळाली. सर म्हणायचे, मराठीला हे नवं नाही रे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. अक्षरं रोमन, भाषा मराठी. त्यातला प्रभूच्या दुःखसहनाचा भाग सर आमच्याकडून म्हणवून घेत. ओवीचे तीन चरण यमकात चालतात, चौथा आखूड पडतो. त्या आखूड चरणानंतर लगेच पुढची ओवी उचलू द्यायचे नाहीत. “थांबा. तिथेच ऐकायचं असतं.”

ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी बायबलमधलं बाविसावं स्तोत्र असे, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ सरांनी ते जोगियात बांधलं होतं. आक्रोशाने सुरू होणारं हे स्तोत्र शेवटी स्तुतीपाशी पोचतं, म्हणून वेळ कितीही झाला तरी शेवटची कडवी ते गाळू देत नसत. त्या आठवड्यातल्या गुरुवारी गौरवगीताला घंटा वाजत आणि मग थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत मुक्या होत. शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, पेटीसुद्धा बंद. उघड्या गळ्याने गायचं.

काही वर्षांपूर्वी माझी आई उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात गेली. दफनविधीतही आलेलुया नव्हता. तिला निरोप देताना तो शब्द नसावा, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

त्या वर्षी ईस्टरच्या रात्री मी पुन्हा माडीवर उभा होतो. अंगणात अग्नी पेटला, मोठी मेणबत्ती अंधारातून आत आली, हातोहात ज्योती लागत गेल्या. सृष्टीच्या निर्मितीपासूनची वाचनं झाली, घंटा वाजल्या. मग धर्मगुरूंनी आलेलुया तीनदा उचलला, दर वेळी एक सूर वर, आणि दर वेळी आम्ही तो परत म्हणायचा. पहिल्या वेळी माझ्या गळ्यातून आवाजच निघाला नाही. दुसऱ्या वेळी मनातल्या मनात नुसती सरगम चालली, सा रे ग प ध. तिसऱ्या वेळी शब्द आला.